काम तुमचे, बिल दुसऱ्याच्या नावावर

यवतमाळ जिल्ह्यात बांधकामाला तोटा नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि पुढचे काम हाती आहे. गावोगावी जलजीवन मिशनच्या टाक्या उभ्या राहिल्या. वणी-मारेगावकडे कोळशाच्या गाड्यांनी झिजलेले रस्ते पुन्हा पुन्हा करावे लागतात. निविदेवर नाव असते बाहेरच्या एखाद्या मोठ्या फर्मचे. खोदकाम, सेंट्रिंग, पाइपलाइन, मुरूम आणि गिट्टी मात्र घाटंजी, दारव्हा, उमरखेडच्या माणसाची. त्याला कोणी पेटी ठेकेदार म्हणतो, कोणी सबकॉन्ट्रॅक्टर. सरकारी कागदात तो ‘पोटकंत्राटदार’ असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो.

या मंडळींचे प्रश्न ठरलेले आहेत. मुख्य ठेकेदार पैसे देत नाही, तर खात्याकडून थेट बिल काढता येईल का? इमारतीवर बोजा चढवता येतो का? करार तोंडी होता, आता काय? आणि सर्वांत जास्त विचारला जाणारा: ‘वरून आले नाहीत’ असे तो म्हणतो, ते कायद्यात बसते का?

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील एका तरुण कंत्राटदाराने आयुष्य संपवले, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. जलजीवन मिशनच्या कामाचे सुमारे १ कोटी ४० लाख रुपये थकले होते, असे कुटुंबीय सांगत होते. सरकारी बाजूने खुलासा आला की त्यांच्या नावावर खात्याकडे काम नाही आणि बिलही नाही. त्यांनी पोटकंत्राटदार म्हणून काम केले असावे. हा खुलासा माणुसकीला धरून होता की नाही, यावर वाद होईल. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो पोटकंत्राटदाराची नेमकी जागा दाखवतो.

खाते तुम्हाला ओळखत नाही

करार ज्या दोघांत झाला, हक्क आणि देणी त्या दोघांतच. खात्याचा करार मुख्य ठेकेदाराशी, मुख्य ठेकेदाराचा तुमच्याशी. या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. तुम्ही बांधलेल्या पुलावरून कार्यकारी अभियंत्याची गाडी रोज जात असली, तरी तुमचे देणे त्याच्याकडे लागत नाही.

‘पण खात्याने मागे एकदा माझ्या बँक खात्यात थेट पैसे टाकले होते,’ असे काहीजण सांगतात. त्यांनी एस्सार ऑइल विरुद्ध हिंदुस्थान शिपयार्ड हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल लक्षात ठेवावा. ओएनजीसीचे काम हिंदुस्थान शिपयार्डने घेतले आणि त्यातला भाग एस्सारला दिला. सोयीसाठी काही रकमा ओएनजीसीने एस्सारला परस्पर दिल्या. बाकी रकमेचा वाद झाला तेव्हा शिपयार्डने ओएनजीसीकडे बोट दाखवले. न्यायालयाने ते मानले नाही. करार शिपयार्डशी होता, त्यामुळे देणेही शिपयार्डचेच. या निकालाने पोटकंत्राटदाराला एक दार बंद झाले आणि दुसरे उघडे राहिले. खात्याकडे जाता येत नाही, हे खरे. पण मुख्य ठेकेदारालाही ‘खात्याला विचारा’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणखी एक अडचण आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ करारनाम्यात लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देण्यास मनाई असते. परवानगी न घेता दिलेल्या कामात मुख्य ठेकेदार तुमचे नाव खात्यापुढे उच्चारणारच नाही. म्हणून काम घेताना पहिला प्रश्न विचारा: परवानगी घेतली आहे का? असेल तर पत्राची प्रत मागा. ‘ते आम्ही बघून घेऊ’ हे उत्तर मिळाले, तर उचल जास्त मागा किंवा काम लहान टप्प्यांत घ्या.

इमारतीवर बोजा चढत नाही

इंटरनेटवर शोधले की परदेशातील कायदे समोर येतात आणि गोंधळ वाढतो. अमेरिकेतील राज्यांत मजुरी किंवा माल थकला तर त्या मालमत्तेवर हक्क नोंदवता येतो. ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने ‘मला मिळाले की तुला देतो’ ही अट मोजके अपवाद वगळता निरर्थक ठरवली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९९९ पासून बांधकामाच्या देयकांसाठी स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात यांतले काहीच नाही. सातबाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर किंवा फ्लॅटवर पोटकंत्राटदाराला परस्पर बोजा चढवता येत नाही. महारेरा घर घेणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या बिलासाठी नाही. मात्र खासगी बिल्डरचे काम घेण्यापूर्वी त्याचा प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर जरूर पाहा. काम किती रखडले आहे ते तिथे कळते.

एक छोटी सवलत फॅब्रिकेशनवाल्यांना आणि सुतारांना आहे. दुसऱ्याने दिलेल्या मालावर तुम्ही कारागिरी केली आणि वस्तू अजून तुमच्याच ताब्यात असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार मजुरी मिळेपर्यंत ती रोखून धरता येते, करारात वेगळे ठरले नसेल तर. ग्रील तुमच्या वर्कशॉपमध्ये आहे तोवर हा हक्क आहे. ती खिडकीत बसली की संपला. रात्री जाऊन बसवलेली शटर काढून आणणाऱ्यावर मात्र चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो, मग बाकी कितीही खरी असो.

कामाआधीचा कागद

तोंडी करारही कायद्याने करारच असतो. अडचण सिद्ध करण्याची आहे. दर काय ठरला होता, खोदकामात कठीण खडकाचा वेगळा दर होता की नाही, पाणी कोणाचे, डिझेल कोणाचे, हे दोन वर्षांनी कोणाला सारखे आठवत नाही. दोन पानांचा साधा मराठी वर्क ऑर्डर पुरतो, पण त्यात पुढील गोष्टी हव्यात:

- कामाचे वर्णन, अंदाजे परिमाण, दर आणि जीएसटी दरात धरला आहे की वेगळा.
- मोजमाप कोण करणार, किती दिवसांनी आणि तुमच्या हजेरीत की नाही. ‘खात्याच्या एमबीप्रमाणे’ एवढेच लिहिले, तर एमबीची (मोजमाप पुस्तिकेची) प्रत तुम्हाला देणे बंधनकारक आहे, हेही लिहा.
- बिल दिल्यापासून पैसे देण्याची मुदत, दिवसांत.
- राखून ठेवायची रक्कम किती टक्के आणि ती कोणत्या तारखेला परत. ‘काम संपल्यावर’ नको, कारण काम कधी संपले यावरच पुढे भांडण होते.
- जादा काम कोणाच्या लेखी सांगण्यावरून करायचे. साइटवरच्या सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅप संदेशाला किंमत आहे की नाही, हे आताच ठरवा.
- वाद झाला तर कोणत्या गावच्या न्यायालयात. ‘फक्त मुंबई’ असे छापलेले असेल, तर यवतमाळहून मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च मनात धरून मगच सही करा.

कागदावर मुद्रांक हवा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार १० लाखांपर्यंतच्या बांधकाम कंत्राटाला ५०० रुपये आणि त्यापुढच्या रकमेवर ०.१ टक्का असे शुल्क आहे. म्हणजे ३० लाखांच्या कामाला साधारण अडीच हजार रुपये. एवढे वाचवायला जाऊन करार साध्या कागदावर केला, तर तो न्यायालयात पुरावा म्हणून वाचलाच जात नाही. आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो.

दोघे भाऊ किंवा दोघे मित्र मिळून काम घेणारे आणखी एका ठिकाणी अडकतात. भागीदारी फर्म निबंधकाकडे नोंदलेली नसेल, तर भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ मुळे त्या फर्मला करारावरून दिवाणी दावा लावता येत नाही. पैसे खरे, काम खरे, साक्षीदार खरे, तरी दावा उभा राहत नाही. फर्मच्या नावाने लेटरहेड छापण्याआधी नोंदणी करून घ्या.

काही ठिकाणी मुख्य ठेकेदार पेटी ठेकेदाराला मुखत्यारपत्र देतो, म्हणजे तो साइटवर सह्या करतो आणि चेकही उचलतो. हा मार्ग सोयीचा वाटतो, पण साधे मुखत्यारपत्र देणारा ते कधीही रद्द करू शकतो. त्या कामाच्या पैशात तुमचे स्वतःचे हित गुंतले आहे आणि म्हणून हे मुखत्यारपत्र दिले आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले असेल, तरच करार कायद्याच्या कलम २०२ चा आधार मिळतो. ते दस्तलेखकाकडच्या छापील नमुन्यावर नको, वकिलाकडून लिहून घ्या.

‘वरून आले की देतो’

हे वाक्य करारात असेल, तर भारतात ते बेकायदा नाही, हे कटू असले तरी खरे आहे. नसेल, तर तुमच्या पैशाचा खात्याच्या पैशाशी संबंध नाही. इर्कॉन विरुद्ध विनय हेवी इक्विपमेंट्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: करारात तसे लिहिलेले नसेल, तर वरचा आणि खालचा करार आपोआप एकमेकांना बांधले जात नाहीत.

वाक्य काढायला मुख्य ठेकेदार तयार नसेल, तर त्याला शेपूट जोडा: ‘खात्याकडून रक्कम मिळाल्यावर १५ दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत.’ घासाघीस दरावर करण्यापेक्षा या शेपटीवर करा. शंभर रुपयांच्या कामात दोन रुपये कमी मिळाले तर चालते. शंभरच्या शंभर अडकले तर मजूर दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

काम चालू असताना

माल उतरवताना चलनावर सही, दर आठवड्याला फोटो, मोजमापाच्या दिवशी दोघांच्या सह्यांचा कागद. चौथी गोष्ट कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच राहून जाते. काम तुमच्यामुळे नव्हे, तर नकाशा न मिळाल्याने किंवा जागा मोकळी नसल्याने थांबले असेल, तर त्याच दिवशी तसा लेखी संदेश पाठवा. विलंबाचा दंड पुढे तुमच्या बिलातून कापला जातो, तेव्हा हा संदेश उपयोगी पडतो.

व्हॉट्सअॅपवरचे संभाषण पुरावा होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. नुसते छापील स्क्रीनशॉट पुरत नाहीत. फोन विकू नका, संभाषण पुसू नका.

सरकारी कामात एक स्वस्त साधन आहे, पण पेटी ठेकेदार ते फारसे वापरत नाहीत. मुख्य ठेकेदार ‘बिल निघालेच नाही’ म्हणतो, तेव्हा संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात माहितीचा अधिकार अर्ज द्या. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. म्हणून फक्त त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि अदा केलेल्या देयकांचा तपशील मागा. बिल निघाल्याचा कागद हाती आला की पुढच्या बोलण्याचा सूर बदलतो.

उद्यम नोंदणी: फुकट आहे, पण वेळेवर हवी

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत धारदार कायदा. उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला त्याच्या गिऱ्हाईकाने ठरलेल्या तारखेला, आणि काही ठरले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. काहीच ठरले नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला, तर व्याज साडेसोळा टक्के होते. आठ लाखांची थकबाकी वर्षभर राहिली तर व्याजच सुमारे १ लाख ४२ हजार. करारात व्याज नाही असे लिहिलेले असले, तरी हा कायदा वरचढ ठरतो.

या कायद्याखाली दाद मागायची ती सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे. अर्ज ऑनलाइन होतो; आधी समेटाचा प्रयत्न, न जमल्यास लवाद. करारात वेगळा लवाद लिहिलेला असला, तरी परिषदेकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केले आहे. निकाल विरोधात गेला तर आव्हान देण्यापूर्वी मुख्य ठेकेदाराला ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. ही अट ऐकली की बरेच वाद परिषदेच्या दाराबाहेरच मिटतात.

आता यातले दोन खड्डे.

पहिला तारखेचा. उद्यम नोंदणी करार होण्यापूर्वीची असावी. काम संपल्यावर, पैसे थकल्यावर केलेली नोंदणी मागच्या कामाला लागू होत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. नोंदणी आधारवर होते, पैसे लागत नाहीत, अर्ध्या तासाचे काम आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत वार्षिक उलाढाल १० कोटींपर्यंत आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत असेल तर उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. तालुक्यातला जवळजवळ प्रत्येक पेटी ठेकेदार यात बसतो.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. माल आणि मजुरी एकत्र असलेले ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ या कायद्याखाली येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. नागपूर खंडपीठाचा २०२१ चा वर्ध्यातील पालिकेसंबंधीचा निकाल त्यातलाच. दुसऱ्या काही उच्च न्यायालयांनी वेगळे मत दिले असले, तरी यवतमाळचा माणूस नागपूरच्या खंडपीठाखाली येतो. म्हणून काम खरोखरच फक्त मजुरीचे असेल (सेंट्रिंग, प्लास्टर, लोखंड बांधणी) किंवा फक्त पुरवठ्याचे असेल, तर वर्क ऑर्डरमध्ये तसेच लिहून घ्या. एकच काम कागदावर दोन तुकड्यांत तोडून दाखवण्याची युक्ती मात्र न्यायालयात टिकेल, असे समजू नका. आणि निव्वळ व्यापाऱ्याला, म्हणजे सिमेंट-लोहा विकणाऱ्या दुकानदाराला, उद्यम नोंदणी असली तरी उशिरा मिळणाऱ्या पैशांची ही तरतूद लागू नाही.

मुख्य ठेकेदाराच्या सीएला समजणारी भाषा

नोटिशीला न घाबरणारा माणूस करापुढे नरमतो. बिलासोबत पाठवलेल्या एका सभ्य पत्रात पुढील मुद्द्यांची आठवण करून देता येते.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा होत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच होतो. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) ने ही तरतूद आली. मार्च जवळ आला की हे पत्र आपसूक परिणाम करते. जीएसटीत, तुमच्या बिलावर त्याने इनपुट क्रेडिट घेतले आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुम्हाला पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट व्याजासह परत भरावे लागते.

जीएसटीची दुसरी बाजूही आहे. बिल दिले की कर तुम्हाला भरावाच लागतो, पैसे आले असोत वा नसोत. म्हणून मोजमाप मान्य होण्याआधी भरमसाट रकमेचे बिल फाडू नका.

मुख्य ठेकेदार तुमच्या रकमेतून टीडीएस कापतो: व्यक्तीसाठी १ टक्का, फर्म किंवा कंपनीसाठी २ टक्के. तुमच्या नावे कापलेल्या कराचे विवरण, म्हणजे फॉर्म २६एएस, दर तिमाहीला पाहा. तिथे त्याचे नाव आणि रक्कम दिसत असेल, तर ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असे त्याला पुढे म्हणता येणार नाही.

तुमच्या डोक्यावर काय येते

पोटकंत्राटदार स्वतःला फक्त घेणेकरी समजतो. त्याच्या नावावरची देणीही मोठी असतात.

मजुरांचे वेतन ही पहिली. मजुरी न मिळालेला मजूर वरच्या मालकापर्यंत जाऊ शकतो आणि वरच्याने दिलेले पैसे तुमच्या बिलातून कापले जातात. हे तत्त्व जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. अपघाताचेही तसेच: भरपाई वरच्याने दिली, तरी ती खालच्याकडून वसूल करता येते. घमेल्यात गिलावा घेऊन शिडीवर चढणाऱ्या माणसाचा विमा उतरवायला लागणारा हप्ता एका अपघाताच्या भरपाईपुढे काहीच नाही. शिवाय वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुरांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी प्रमाणपत्र द्या. यात तुमचा खर्च नाही, आणि अडचणीच्या वेळी मंडळाची मदत मिळाली तर तुमच्यावरचा भार हलका होतो.

मुरूम आणि रेती ही यवतमाळमधली खास डोकेदुखी. वाहतूक परवान्याशिवाय आणलेल्या गौण खनिजावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही अडकते. स्वामित्वधनाच्या पावत्या नसतील, तर खाते ती रक्कम मुख्य ठेकेदाराच्या बिलातून कापते आणि तो तुमच्या. पावत्या एका फाइलमध्ये ठेवा आणि प्रती देताना पोच घ्या.

दंड आणि कपातीबद्दल: ‘रोजचे पाच हजार दंड’ असे करारात असले, तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मिळते ती वाजवी भरपाई, आणि नुकसान झालेच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ प्रकरणात २०१५ मध्ये म्हटले. कपातीचा हिशेब लेखी मागा. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही करावीच लागली, तर शेजारी ‘बाकी रकमेचा हक्क राखून’ असे हाताने लिहा.

आणि सही केलेला कोरा चेक ‘सिक्युरिटी’ म्हणून देऊ नका. तो देण्यापोटीच दिला होता, असे कायदा गृहीत धरतो. उलटे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते.

पैसे थकलेच, तर

सुरुवात स्पीड पोस्टने पाठवलेल्या मागणीपत्राने करा. करारात व्याज ठरलेले नसेल, तर व्याज अधिनियम, १९७८ नुसार अशा लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज मागता येते. त्यापुढचा रस्ता कागद काय आहे त्यावर ठरतो.

- चेक परत आला असेल: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोहोचल्यावर १५ दिवस वाट, त्यानंतर एका महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. तक्रार जिथे तुमचे खाते आहे तिथल्या न्यायालयात होते. मुख्य ठेकेदार पुण्याचा असला, तरी खटला यवतमाळला चालू शकतो. न्यायालय २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकते.
- लेखी करार किंवा हिशेबाची सही असेल: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा. यात समोरच्याला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते.
- रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल: बांधकामाचा वाद ‘वाणिज्यिक’ ठरतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थीचा अर्ज करणे सक्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. न केल्यास दावा फेटाळला जातो.
- करारात लवादाचे कलम असेल: आधी लवादाची नोटीस. ‘लवाद आमचाच संचालक नेमेल’ असे लिहिले असेल तर घाबरू नका. वादात हित असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमणे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर टिकत नाही.
- मुख्य ठेकेदार कंपनी असेल आणि थकबाकी १ कोटी किंवा अधिक: दिवाळखोरी संहितेखाली नोटीस देता येते. पण बिलाबद्दल आधीपासून खरा वाद असेल तर तो अर्ज उभा राहत नाही.

पोलीस ठाण्यात जाऊन फसवणुकीची तक्रार देण्याचा मोह होतो. सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवता आला तरच ती टिकते; साधी थकबाकी वसूल करणे हे पोलिसांचे काम नाही, असे न्यायालये वारंवार सुनावतात. आधीच थकलेल्या पैशांवर वकिलाची फी चढते आणि वर्ष हातचे जाते.

खात्याकडे जाता येत नसले, तरी खात्यात पडलेल्या पैशाकडे जाता येते. हुकूमनामा झाल्यावर मुख्य ठेकेदाराचे जे बिल किंवा अनामत सरकारी कार्यालयात बाकी आहे, त्यावर जप्ती आणता येते. तो मालमत्ता विकून पळण्याच्या बेतात असल्याचे दाखवता आले, तर निकालापूर्वीही तसा अर्ज करता येतो. लवाद असेल तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ खाली. इथे माहिती अधिकारातून मिळवलेला कागद कामी येतो, कारण किती रक्कम कुठे अडकली आहे हे त्यातूनच कळते.

तीन वर्षे

केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा, पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर, काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. ‘दिवाळीनंतर बघू’, ‘मार्च एंडला निघेल’ या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी लेखी देणे कबूल केले, किंवा सहीनिशी लेखी नोंद ठेवून काही रक्कम दिली, तर त्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. म्हणून दर वर्षी ३१ मार्चला बाकीचा हिशेब पाठवून त्यावर सही घ्या. संबंध चांगले असताना ही सही सहज मिळते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर यवतमाळच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पतीच्या मागे त्याचे अपुरे काम आणि अडकलेली बिले सांभाळणाऱ्या बाईलाही तो मिळतो. अर्जासोबत वर्क ऑर्डर, बिलांच्या प्रती, बँकेचा उतारा आणि २६एएस जोडा. वर्क ऑर्डर नसेल, तर चलने, फोटो आणि मोजमापाचे कागद.